उजव्या दाढेचं प्रकरण

काचवाल्याची दाढ दुखते आहे हे त्याच्या बायकोला कळलं ते पावावरून. पावाची करकरीत कड आपल्यालाच मिळाली पाहिजे म्हणून जो माणूस स्वतःच्या लेकीशी भांडायचा, तो एका सकाळी कडा काढून बशीच्या काठावर ठेवायला लागला आणि मधला मऊ भाग चहात बुडवून डाव्या गालात सारायला लागला. बायकोने आधी काही विचारलं नाही. पण पुढेही कडा बशीतच राहायला लागल्या आणि गार पाणी पिताना त्याचा उजवा डोळा आपोआप मिटायला लागला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"दात दुखतोय का?"

"छे. हल्ली पावच कडक करतात."

"मग मऊ खाताना तोंड का वाकडं होतं?"

"माझं तोंड तसंच आहे. लग्नाआधी बघून घ्यायचं होतंस."

लेक हसली. बायको हसली नाही. नवऱ्याला विनोद कधी सुचतात हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. विषय टाळायचा असला की त्याची जीभ अशी सैल सुटायची.

ती मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. शहराच्या तरण तलावावर मुलांना शिकवणारे बरेच होते, पण चाळिशी उलटलेलं, पायरीवर उभं राहूनच घाम फुटलेलं कुणी आलं की त्याला तिच्याकडे पाठवायचे. तलावावर सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, आणि हळूहळू घरीदारीही तेच नाव पडलं होतं. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती थोराड माणसांना सांगायची, काही घाई नाही, मी इथेच आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा कठडा सोडा. हे सांगून सांगून घरी येईपर्यंत तिच्याजवळचा संयम पार आटलेला असायचा. घरच्यांच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा.

काचवाल्याचं दुकान घराच्या खालीच होतं. पुढे आरशांची रांग, मागे काम करायची जागा, आणि तिथे काचेच्या कडा घासायचं यंत्र. ते चालू झालं की वर स्वयंपाकघरातल्या चमच्यांना कंप सुटायचा. तो किंचाळणारा आवाज कानाशी घेऊन हा माणूस दिवसभर शीळ घालत काम करायचा. एकदा मोठी काच निसटून त्याचा तळहात चिरला होता. तेव्हा त्याने वर रुमाल गुंडाळून आधी गिऱ्हाइकाची खिडकी बसवून दिली, मग टाके घालायला गेला, आणि टाके घालणाऱ्या परिचारिकेला तिच्या दवाखान्याच्या दाराची काच कशी चुकीची बसवली आहे ते समजावत बसला. म्हणजे सुईला भितो म्हणावं तर तसंही नव्हतं. रक्ताला नाही, आवाजाला नाही, दुखण्यालाही नाही. दाताचा डॉक्टर एवढे शब्द उच्चारले की मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

मग घरगुती उपचारांचा सपाटा सुरू झाला. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, बर्फ झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, आणि एक दिवस बर्फ आणि पिशवी दोन्ही आळीपाळीने झाली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडे काही ना काही सल्ला असायचा आणि काचवाला तो मन लावून ऐकायचा. त्यातला कुणी "एकदा डॉक्टरला दाखवा" म्हणाला की लगेच त्याच्या आरशाचं माप घ्यायला लागायचा.

शेवटी मास्तरणीने तलावावरूनच फोन करून वेळ घेतली आणि घरी येऊन ती नुसती जाहीर केली. आश्चर्य म्हणजे त्याने हूं की चूं केलं नाही. दाढी केली, चांगला शर्ट घातला, स्वतः गाडी चालवत तिला घेऊन गेला. दवाखान्यात भिंतीवर दातांची मोठमोठी चित्रं होती, कोपऱ्यात जुनी मासिकं होती. तो एक मासिक उघडून बसला. मास्तरणीला वाटलं, आपण उगाच इतके दिवस डोकं पिकवून घेतलं. तेवढ्यात आतून यंत्राचा बारीक, टोकदार आवाज आला. काचवाल्याने मासिक मिटलं आणि नीट जागेवर ठेवलं.

"गाडी जरा वाकडीच लावली आहे मी. बघून येतो."

त्यांचा नंबर आला तेव्हा मास्तरीण एकटीच आत गेली. डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, ठेंगण्या, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव फुकट न घालवणाऱ्या होत्या.

"पेशंट कुठे आहे?"

"गाडी लावायला गेलेत."

"आमच्याकडचे बरेच पेशंट गाडी लावायला जातात," त्या म्हणाल्या आणि दाराबाहेर पाहून पुढच्या माणसाला हाक मारली.

मास्तरीण चालत घरी आली, कारण गाडी नव्हती. नवरा दुकानात काच कापत होता. चांगल्या शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या.

"अगं, तिथे जागाच मिळेना," तो म्हणाला, "म्हणून घरी आणून लावली."

तिने दातओठ खाल्ले आणि वर गेली.

पुढच्या वेळी तिने गाडीच काढू दिली नाही. भर रस्त्याने त्याचं कोपर धरून त्याला चालवत नेलं. ओळखीचे लोक बघत होते, पण तिने बघू दिलं. एव्हाना गाल सुजून वर आला होता आणि तो गळपट्टा गुंडाळून हिंडत होता. दवाखान्यात ती दाराच्या बाजूच्या खुर्चीवर बसली, वाट अडवून. आतही ती दारातच उभी राहिली; तो खुर्चीवर आडवा झाला, दिवा चेहऱ्यावर आला, डॉक्टरीणबाईंनी "आ करा" म्हटलं, त्याने आ केला, त्यांनी आरसा आणि बोट आत घातलं, आणि त्याची दातखीळ बसली. बोटासकट.

"सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्म," काचवाला म्हणाला. त्यालाही सोडायचंच होतं. त्याचे डोळे तसं सांगत होते. पण जबडा त्याचा ऐकत नव्हता.

"सोडा म्हणजे सोडा."

बोट सुटलं तेव्हा त्यांनी हातमोजा उतरवून बोटाकडे नीट पाहिलं, हात धुतले आणि मास्तरणीकडे बघून बोलायला लागल्या, जणू काचवाला एखादी वस्तू होती. जेवढं दिसलं त्यावरून खालची उजवी दाढ आतून सडली होती, मुळाशी पू होता. गोळ्यांनी सूज उतरेल. पण मूळ साफ केल्याशिवाय हे संपणार नाही, परत येईल, आणि येईल तेव्हा ह्याहून वाईट होऊन येईल.

"पण ते करायचं तर तोंड उघडं लागतं," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा."

घरी आल्यावर मास्तरणीच्या तोंडाचा पट्टा सुटला. तिने भांड्यांची झाकणं आपटली. लाज सोडलीस, म्हणाली. डॉक्टरणीला चावलास, म्हणाली. मी कामाचे तास बदलून तुझ्यामागे फिरते, दाताच्या कण्या करते, आणि तू लहान पोराच्या वरताण करतोस, म्हणाली. तो टेबलाशी बसून ऐकत होता.

"कारण सांग मला," ती शेवटी म्हणाली. "लहानपणी कुणी दात उपटला होता का जबरदस्तीने? धरून ठेवलं होतं का कुणी?"

"नाही. लहानपणी मी कधी गेलोच नाही."

"मग कुणाचं काही बघितलंस?"

"नाही गं. काही झालेलं नाही."

"असं कसं काही झालेलं नाही? काहीतरी असल्याशिवाय माणूस एवढा भितो का?"

त्याने विचार केला. तो खरंच विचार करत होता हे तिला दिसलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"तोंड उघडं टाकून पडायचं," तो म्हणाला. "वरून दिवा. तोंडात चार हत्यारं. आणि मला बोलता येणार नाही. थांबा म्हणायचं झालं तरी म्हणता येणार नाही. मला आधीपासूनच गुदमरल्यासारखं होतं."

"अख्खं जग जातं. पहिलीतली पोरं जातात."

"जातात."

"मग?"

"मग काही नाही. ती जातात. माझ्याच्याने जाववत नाही."

दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारा माणूस. ह्याला गप्प बसवायचं म्हणजे दुकान बंद करायला लागायचं. आणि ह्याला भीती कशाची, तर घटकाभर बोलता येणार नाही ह्याची. मास्तरणीने जाहीर केलं की ह्यापुढे तू आणि तुझी दाढ, मला मधे घेऊ नका.

गोळ्यांनी सूज उतरली. त्याबरोबर काचवाल्याची कळाही बदलली. गळपट्टा गेला, शीळ परत आली. एके सकाळी त्याने बशीतली एक कड उचलून सगळ्यांसमोर खाल्ली, डाव्या बाजूने का होईना, आणि बायकोकडे बघितलं. बायको वर्तमानपत्र वाचत होती.

त्याच सुमाराला एका दुपारी ती घराची किल्ली विसरली आणि तो ती द्यायला तलावावर गेला. तिच्या समोर पाण्यात बँकेतल्या एक बाई होत्या. मोठ्या हुद्द्यावरच्या, हाताखाली पुष्कळ माणसं, पण तलावाचा कठडा त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आज पाण्यात नुसता चेहरा ओला करायचा होता.

"मला सांगताच येत नाही हो, कशाची भीती वाटते ते," बाई म्हणत होत्या. "बुडण्याची म्हणावं तर इथे पाणी छातीला पण लागत नाही."

"सांगायची काही गरज नाही," मास्तरीण म्हणाली. "भीती आहे ना, मग आहे. तिला घेऊनच करू या. माझा हात धरा. तुम्ही दाबलात की मी थांबेन."

बाईंनी हात दाबला. मास्तरीण थांबली. परत दाबला, परत थांबली. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. कितीतरी वेळाने बाईंनी हनुवटी बुडवली, आणि मास्तरणीने जणू काहीच झालं नाही अशा थाटात सांगितलं, आता जरा दम खा.

वळून बघते तर काचवाला काठावर उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. ती टॉवेल घेऊन बाहेर आली तेव्हा त्याने किल्ली दिली आणि तरी तिथेच घुटमळला.

"त्या बाईंना तू कारण विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"मला विचारलंस. त्यांना म्हणालीस, गरज नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या काचेत हवेचा बुडबुडा दिसल्यावर दाखवतो तसं त्याने ते दाखवलं होतं.

"त्या बाई माझ्या शेजारी झोपून कण्हत नाहीत," मास्तरीण म्हणाली. "आणि पाव कडक आहे असंही सांगत नाहीत."

तो मान हलवून निघून गेला. तिने केस पुसले, कपडे बदलले, पुढच्या तासाला पाण्यात उतरली, आणि सगळा वेळ तिच्या मनात ते खुपत राहिलं. तो चुकीचं बोलला असता तर तिला तिथल्या तिथे झटकून टाकता आलं असतं. बरोबर बोलणाऱ्या माणसावरचा राग जास्त दिवस टिकतो. तो तिने व्यवस्थित टिकवला आणि मग एके दिवशी, त्याला न सांगता, दवाखान्यात गेली.

दुपारची वेळ होती. डॉक्टरीणबाई टेबलाशी बसून सफरचंदाच्या पातळ फोडी करत होत्या.

"माझं बोट बरं आहे," त्या म्हणाल्या. "बसा."

"मी एक विचारायला आले. त्यांना नुसतं येऊन खुर्चीत बसता येईल का? काही करायचं नाही. नुसतं बसायचं आणि घरी जायचं. आम्ही पोहायला शिकवताना असंच करतो."

"बाई, ती खुर्ची नुसती बसायला नाही. बाहेर किती माणसं थांबलेली असतात ते तुम्ही बघितलंत." त्यांनी एक फोड खाल्ली. "मला खरं सांगायचं तर कंटाळा आलाय ह्या प्रकाराचा. अर्धा दिवस मी दात बघते आणि अर्धा दिवस समजुती घालते. परवा एक गृहस्थ बाथरूममध्ये जाऊन बसले. दार वाजवलं तर म्हणतात, मी नाहीच आहे."

मास्तरणीला हसू आलं. "माझ्याकडच्या एका काकांनी पोहण्याची चड्डी मुद्दाम घरी विसरण्याचा सपाटा लावला होता. मी एक जादा आणून ठेवली, तर ती त्यांना होईना म्हणे."

डॉक्टरीणबाईंनी फोडींची बशी तिच्यापुढे सरकवली. दोघी थोडा वेळ नुसत्या खात बसल्या, दोन थकलेल्या बायका बसतात तशा. मग डॉक्टरीणबाईंनी सुरीने समोर दाखवलं. बाहेरची बसायची खोली आणि आतली खोली ह्यांच्यामध्ये काचेचा पडदा होता. एक काच कोपऱ्यापासून तडकली होती, तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती.

"ही काच कुणी बदलून देत नाही. लहान काम आहे म्हणून येतो येतो म्हणतात आणि येत नाहीत. तुमचे मिस्टर येतील का?"

"कामाला? धावत येतील."

"मला मात्र पेशंट असतानाच काम करून घ्यावं लागेल," डॉक्टरीणबाई सुरी पुसत म्हणाल्या. "दवाखाना बंद ठेवणं मला परवडत नाही."

मास्तरीण त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचा चेहरा कोरा होता.

काचवाला खरंच धावत गेला. मास्तरणीची सुट्टी होती, म्हणून मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला तीही गेली. ज्या पायऱ्यांवरून तिने त्याला ओढत नेलं होतं त्याच तो हत्यारांची पेटी खांद्याला लावून भरभर चढला, बाहेर बसलेल्यांना "जरा पाय घ्या" म्हणाला, चिकटपट्टी ओरबाडून काढली, आणि ही काच कुठल्या गाढवाने बसवली होती असं मोठ्याने विचारलं. मास्तरणीला त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटला. कामगार म्हणून पाठवलं तर हा यमाच्या घरीसुद्धा माप घ्यायला जाईल.

आत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते. यंत्र सुरू झालं तसा काचवाल्याचा हात चौकटीवर थबकला. तो तसाच उभा राहिला. मास्तरणीच्या तोंडाशी वाक्य आलं होतं, पण तिने ते गिळलं. मग पटाशी परत चालायला लागली. जुनी पुट्टी निघाली, काच सुटी होऊन बाहेर आली, आणि आता दोन खोल्यांच्या मधे फक्त मोकळी चौकट उरली. त्या चौकटीतून त्याला सगळं दिसत होतं.

"पाणी कशाला मारता मधे मधे?" त्याने विचारलं.

"दात तापू नये म्हणून," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

"आमच्याकडेही तेच. कड घासताना पाणी सोडावं लागतं. नाही तर तापते आणि तडकते."

"मग तुम्हाला निम्मं काम येतंच आहे."

त्याने चौकटीची माती फडक्याने पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. मग खाली बघतच म्हणाला, "आणि ह्यांना आता थांबा म्हणायचं असेल तर?"

"डावा हात वर करायचा. मी थांबते."

"लगेच?"

"लगेच."

म्हातारबुवा उठून बाहेर आले तेव्हा काचवाल्याने त्यांना गाठलं. "खरंच थांबतात का हो?" म्हातारबुवांचा अर्धा ओठ बधिर होता. मी काही हात वर करायला गेलो नाही, असं काहीतरी ते म्हणाले, मधे मला डुलकी लागली होती.

खुर्ची मोकळी होती. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या, पाठ करून. काचवाला आत गेला. आधी त्याने खुर्चीच्या खालची कळ पायाने दाबून बघितली, मग काठावर टेकला, मग पाय वर घेतले. पेन्सिल कानावर, मोजायची फीत खिशात. खुर्ची वर घेतली, खाली घेतली, मागे टेकून दिव्याकडे पाहिलं आणि उठला. मास्तरीण चौकटीच्या अलीकडे उभी होती. पाण्यात पहिल्यांदा कठडा सोडणाऱ्याला शाबास म्हणायचं नसतं, म्हटलं की तो परत पकडतो, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिने पेटीतली हत्यारं पुसायला घेतली, जी आधीच स्वच्छ होती.

नवी काच बसवायला तो गेला तेव्हा ती नव्हती. संध्याकाळी त्याने जेवताना सांगितलं की काच बसली, आणि त्या बाईंनी आरसा घालून दाढ बघितली. चावलास का, असं लेकीने विचारलं. तो म्हणाला, नाही, बाईंनी हात आधीच लांब ठेवला होता. मग त्याने पुढची तारीख सांगितली, आणि तो बोलत असताना त्याच्या कपाळावर घाम आला.

ठरलेल्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानाच्या मोठ्या आरशांचं काम अचानक अंगावर आलं. मोठं गिऱ्हाईक होतं, नाही म्हणता येत नव्हतं, असं त्याने तिला तीनतीनदा समजावलं. मास्तरणीच्या डोक्यात तिडीक गेली. जिभेवर सगळं तयार होतं, नेहमीच्या क्रमाने. तिने पिशवी उचलली.

"बरं. मी तलावावर जाते. तुझं तू ठरव."

"तू येणार नाहीस?"

"ये म्हणालास तर येईन."

तो आरशांच्या रांगेपुढे उभा होता, म्हणून तो भ्यालेला चेहरा तिला चारपाच ठिकाणी दिसत होता.

"ये," तो म्हणाला.

खुर्चीत बसल्या बसल्या, डॉक्टरीणबाईंनी काही हातात घेण्याच्या आधीच, त्याचा डावा हात वर गेला.

"काय झालं?"

"काही नाही. थांबता का ते बघितलं."

त्या थांबल्या. मग बधिर करायची सुई देताना हात वर गेला, आणि सुई झाली की अजून व्हायची आहे, असं त्याने विचारलं. सुई झालेली होती. यंत्र दाढेला लागलं आणि हात वर. त्या थांबल्या, हत्यार काढलं. वरच्या दिव्याचं झाकण ढिलं आहे, असं त्याला सांगायचं होतं.

"हात दुखलं तरच वर करायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तसं तुम्ही बोलला नव्हता."

कोपऱ्यातल्या स्टुलावर मास्तरीण आपल्याच पिशवीचा बंद पिळत बसली होती. असं चालू राहिलं तर संध्याकाळ होणार होती. पण तिला त्याची पावलंही दिसत होती. बुटांच्या टाचा खुर्चीवर बारीक थडथडत होत्या आणि शर्ट पाठीला चिकटला होता. हा माणूस थट्टा करत नव्हता. हात वर केला की खरंच थांबतं हे त्याला पुन्हा पुन्हा बघून घ्यायचं होतं, जशा बँकेतल्या बाई तिचा हात पुन्हा पुन्हा दाबायच्या.

काम निम्म्यावर आलं असेल, तेव्हा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं बाहेर काढलं, खुर्ची उभी केली. तो दोन्ही हातांनी कडा धरून श्वास घेत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. "मला जायचंय," तो जड जिभेने म्हणाला.

अर्ध्यावर, दाढ उघडी टाकून, एवढं सगळं झाल्यावर. मास्तरीण उठली. तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"काही घाई नाही. बस थोडा. मी इथेच आहे."

बोलल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं, कारण तो तिचा तलावावरचा आवाज होता. त्यालाही तो ओळखू आला.

"हे तू बँकेतल्या बाईंना म्हणतेस," तो म्हणाला.

"हो. त्यांना पण हेच म्हणते. दुसरं काही मला येतच नाही."

त्याच्या तोंडाची चालू असलेली बाजू हसली. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं. बाहेर कुणीतरी घसा खाकरला. काचवाल्याने बाहीने डोळे पुसले, कुणी काही न सांगता मागे टेकला आणि तोंड उघडलं. त्यानंतर हात वर गेलाच नाही असं नाही. पण दर वेळी खाली आला.

पुढच्या खेपा झाल्या, दाढेवर टोपी बसली, दुखणं गेलं. मास्तरणीला वाटलं, सुटले. पण तिचा नवरा कुठलीच गोष्ट अर्धी करत नसे. आता दुकानात आरसा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाढ दाखवायला लागला. त्यात भिण्यासारखं काय आहे हो, नुसतं पडून राहायचं, आमच्याच कामासारखं काम आहे, पाणी सोडायचं आणि घासायचं. एका गिऱ्हाइकाला त्याने हात वर करायची पद्धत काच धरून करून दाखवली आणि काच थोडक्यात वाचली. लेकीच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. मास्तरीण म्हणाली, भीत होतास तेच बरं होतं, निदान तोंड बंद असायचं.

मग वरच्या बाजूची एक दाढ बघायला हवी असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हे मास्तरणीला कळलं तेव्हा वेळ घेऊनही झाली होती. त्याने स्वतः घेतली होती, आणि सांगितलं ते ती केस वाळवत असताना, चालता चालता, जणू बल्ब आणायचा आहे.

"मी येऊ?" तिने विचारलं.

"कशाला?" तो म्हणाला. जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "ये. पण आत येऊ नकोस. बाहेर बस."

ती बाहेर बसली. आतून यंत्राचा आवाज यायचा, थांबायचा, मग काचवाल्याचा बोबडा, लांबलचक आवाज यायचा, मग डॉक्टरीणबाईंचे दोन कोरडे शब्द, आणि पुन्हा यंत्र. शेजारी एक तरुणी गाल धरून बसली होती. तिने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग मास्तरणीकडे वळून हळूच विचारलं, "आतल्या पेशंटला काही जास्त त्रास आहे का?"

"नाही," मास्तरीण म्हणाली. "ते माझे मिस्टर आहेत. तुम्ही हवं तर एक चक्कर मारून या."